आधी रंग पातळ करा, मग एअरब्रश उचला

देऊळगाव राजासारख्या गावात एअरब्रशची ओळख होते ती गणपतीच्या कारखान्यात. मूर्तीच्या गालावरची फिकट गुलाबी छटा हवेच्या दाबाने उतरते. तेच काम, फक्त फार बारीक फवाऱ्याने, प्लास्टिकची छोटी मॉडेल रंगवणारे करतात.

समजा, तुम्ही मिग-२१ जोडलंय. आपली बरीचशी मिग-२१ नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ही विमानं भारतीय हवाई दलातून निवृत्त झाली. १:७२ प्रमाणात ते जेमतेम वीतभर भरतं. त्याच्या पंखावर पत्र्यांच्या जोडांच्या केसाएवढ्या रेघा असतात. रंगाचा जाड थर बसला की त्या बुजल्याच म्हणून समजा.

घ्यायचा तर डबल ॲक्शन एअरब्रश घ्या. खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. रंगाची वाटी वर असलेला बरा, नोझल ०.३ मिलिमीटरचं. ०.२ चं नवख्याच्या हातात सारखं तुंबतं. काटकसर एअरब्रशमध्ये करा, कंप्रेसरमध्ये नको. त्याला टाकी, रेग्युलेटर आणि मॉइश्चर ट्रॅप हवाच. नाहीतर पावसाळ्यात रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडतात.

आता खरी मेख. कितीही महागडा एअरब्रश घट्ट रंगापुढे हात टेकतो. रंग दुधाइतका पातळ हवा. थेंब वाटीच्या कडेला लावून बघा: तो सरसर खाली यावा आणि मागे रंगाचा पुसट पापुद्रा राहावा. ॲक्रिलिकमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी घालू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर चालतं. इनॅमलला टर्पेंटाइन. गाडीच्या रंगाचा एनसी थिनर मात्र जपून, तो प्लास्टिकच विरघळवतो.

दाब १५ ते २० पीएसआय ठेवा आणि आधी जुन्या चमच्यावर फवारा. रंग कोळ्याच्या पायांसारखा पसरला तर तो फार पातळ झालाय किंवा दाब जास्त आहे. खरखरीत बसला तर घट्ट आहे, नाहीतर वाटेतच वाळतोय. आपल्याकडच्या मे महिन्यात हे हमखास होतं. तेव्हा सकाळी बसा, रंगाचं वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब घाला.

खिडकी उघडी ठेवा, गॅस नि उदबत्ती लांब ठेवा आणि फिल्टरचा मास्क लावा. नाकाला बांधलेल्या रुमालाने थिनरची वाफ अडत नाही.