अर्धा तास आणि वाटीभर दूध

(लासूर स्टेशन येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)

समोर माझे शाळेतले गुरुजी बसले आहेत, मोंढ्यातले वडिलांचे सोबती बसले आहेत. त्यांच्यातल्या काहींना आमच्या घरची ही गोष्ट आठवत असेल.

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. कांद्याच्या गोण्यांवरून उड्या मारताना घसरला, ओट्याच्या कडेवर तोंड आपटलं आणि वरचा पटाशीचा दात मुळासकट बाहेर आला. आईने आधी रक्त थांबवलं. मग दात नळाखाली घासून घासून लख्ख केला, कोरड्या रुमालात बांधला आणि देवघरात ठेवला. वडील आडतीवरून आले, गाडी मिळाली, पोटूळ, दौलताबाद करत शहरात पोहोचेपर्यंत चार तास उलटले होते. तिथल्या डॉक्टरांनी रुमाल उघडून पाहिला आणि मान हलवली. आईने केलं ते सगळं मायेने केलं, आणि त्यातली एकेक गोष्ट त्या दाताचा जीव घेणारी होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी दातांच्या शिक्षणाकडे वळले ती त्या रुमालामुळे.

दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा एक जिवंत पडदा असतो. त्याच्या हजारो तंतूंवर दात झोळीसारखा तोललेला असतो. म्हणून तर भाकरीत खडा आला की दाताला लगेच कळतं. दात निखळतो तेव्हा हा पडदा फाटतो. अर्धा हाडाला राहतो, अर्धा मुळाला चिकटून बाहेर येतो. मुळावरच्या त्या पेशी जिवंत असतील तर दात परत खोबणीत बसवता येतो आणि पडदा पुन्हा सांधला जातो. त्या मेल्या, तर शरीराला ते मूळ हाडाचाच तुकडा वाटतं. हाड त्याला चिकटतं, हळूहळू कुरतडतं, आणि काही वर्षांत मुळाच्या जागी हाडच उरतं.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचे येन्स आन्द्रेआसन यांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर 1966 साली अपघातात निखळून परत बसवलेल्या 110 दातांचा अभ्यास छापला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी 90 टक्क्यांचं मूळ झिजलेलं दिसलं नाही. दोन तासांहून जास्त वेळ बाहेर राहिलेल्यांपैकी 95 टक्क्यांचं झिजलं. हा अभ्यास मी विद्यार्थिनी असताना पहिल्यांदा वाचला, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

पण इथून अर्ध्या तासात दवाखाना कसा गाठायचा? या प्रश्नाचं उत्तर स्वीडनच्या लार्स ब्लोमलॉफ यांच्या 1980च्या सुमाराच्या कामात आहे, आणि ते तुमच्या प्रत्येकाच्या घरात आहे. दूध. मुळावरच्या पेशींना आत-बाहेर क्षारांचा समतोल लागतो. साध्या पाण्यात त्या फुगतात, बेदाणा टम्म फुगतो तशा, आणि फुटतात. दुधातल्या क्षारांचं प्रमाण शरीरातल्या द्रवाच्या जवळचं असतं, आम्लता नाममात्र असते, त्यामुळे पेशी काही तास तग धरतात. दही-ताक मात्र चालत नाही, त्यांची आम्लता पेशींना सोसत नाही. चेन्नईच्या संशोधकांनी 2008 साली शहाळ्याचं पाणीही तपासलं आणि त्यांना ते चांगलं वाटलं. पुढच्या अभ्यासांत त्याच्या आम्लतेबद्दल शंका निघाल्या. आपण दुधावरच राहू.

तेव्हा मंडळी, आता जरा लक्ष द्या. दात उचलायचा तो पांढऱ्या, चावायच्या भागाला धरून. मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधात हलकेच हलवून काढायची. घासायचं नाही, साबण नाही, हळद नाही. मूल शांत असेल तर दात तिथल्या तिथे खोबणीत सरळ बसवा आणि स्वच्छ रुमाल चावायला द्या. हे सगळ्यांत उत्तम. हिंमत झाली नाही तर वाटीभर थंड दुधात दात टाका आणि निघा. दूध नसेल तर मुलाच्या थुंकीत ठेवा. कोरडा मात्र ठेवू नका. तासाभरात पेशी मेलेल्या असतात. दवाखान्यात तो शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात, धनुर्वाताच्या लसीची चौकशी करतात. आणि दुधाचा दात पडला असेल तर परत बसवायचा नाही, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते.

भावाच्या दाताबाबत आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नवव्या वर्षी पटाशीच्या दाताचं मूळ पुरतं तयार झालेलं नसतं, टोक उघडं असतं, नरसाळ्यासारखं. अशा दाताचा आतला गर मेला तर पूर्वी फार पंचाईत व्हायची, कारण उघड्या टोकातून भरलेलं सगळं बाहेर निसटायचं. 1993 साली अमेरिकेत महमूद तोराबिनेजाद यांनी एक पदार्थ पुढे आणला. त्याचा मुख्य भाग आहे पोर्टलंड सिमेंट, म्हणजे तुमच्या घराच्या स्लॅबला लागतं त्याच जातीचं, पण औषधाच्या शुद्धतेचं, आणि एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बिस्मथ मिसळलेलं. सिमेंट ओलाव्यात घट्ट होतं. तोंडात ओलावा हीच तर अडचण, आणि इथे तीच कामाला आली. मुळाच्या टोकाशी त्याचा बंद घालता येतो, शरीर त्याला परकं मानत नाही. पुढे 2001 साली जपानमध्ये, गर मेलेल्या अशा दाताचं मूळ पुन्हा वाढू शकतं, हे दाखवलं गेलं, आणि 2004 साली बांक्स व ट्रोप यांनी मेलेल्या गराच्या जागी टोकातून रक्त येऊ देऊन ते घडवलं. दहा वर्षांच्या मुलाचं पातळ मूळ जाड होताना एक्स-रेत पाहणं, यासारखा आनंद माझ्या कामात दुसरा नाही.

आता किडीबद्दल. दाताचं वरचं पांढरं कवच बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच संपतात. ते कवच एकदाच मिळतं. कीड अगदी सुरुवातीची, नुसता पांढुरका डाग असेल, तर लाळेतले क्षार आणि फ्लोराइड तो भरून काढतात. भोक पडलं की मात्र भरावंच लागतं. आपल्याकडे दाढ दुखली की माणूस म्हणतो, काढून टाका एकदाची. याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1980च्या दशकात टांझानियात यो फ्रेंकेन यांनी विजेशिवाय, यंत्राशिवाय, हातातल्या साध्या अवजाराने मऊ कीड खरवडून काढायची आणि दाताला चिकटणारं, फ्लोराइड सोडणारं सिमेंट भरायचं, अशी पद्धत बसवली. वीज नसलेल्या शाळेतही हे होतं. चांदीयुक्त फ्लोराइडचा एक थेंब लावून कीड थांबवता येते, फक्त किडलेली जागा कायमची काळी पडते. दुधाच्या दाढेला तेवढं चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली ते सिमेंट आणि हे फ्लोराइड, ही दोन्ही द्रव्यं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

गेलेल्या दातांच्या जागी काय, हे ज्येष्ठ मंडळी विचारतीलच. 1952 साली स्वीडनचे ब्रोनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून रक्तप्रवाह पाहत होते. काम संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना. हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. 1965 साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे खुंट बसवले. आजचं इम्प्लांट ते हेच. ते महाग आहे, आणि तंबाखू-मिश्री चालू असताना बसवलं तर टिकण्याची शक्यता घटते. मिश्री लावणाऱ्या माझ्या मावश्या-आज्यांना मी हात जोडते: हिरडी सोडून गेली की कुठलंच संशोधन तिच्यापुढे चालत नाही. आणि नवा दातच उगवेल का? जपानमधल्या क्योतोत 2024 साली दात उगवू न देणारं एक प्रथिन रोखणाऱ्या औषधाची माणसांवर पहिली चाचणी सुरू झाली. ती सुरक्षितता पाहण्यासाठी होती. औषध हाती यायला वर्षं लागतील.

शहरात घाटी रुग्णालयाच्या आवारात 1982 पासून सरकारी दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. मुलाला घेऊन थेट तिथे जा. गुरुजी, मी दाताच्या प्रथमोपचाराच्या सहा ओळी लिहून आणल्या आहेत, मोठ्या अक्षरात. तुमच्या शाळेसाठी एक प्रत, मोंढ्याच्या कट्ट्यासाठी एक आणि दूध संकलन केंद्रासाठी एक. जाताना घेऊन जा.