वेठबिगारीचा नवा वेष
(ओझर येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. बावीस प्रतिज्ञा उच्चारून बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जातो. तेथे त्याचा माणूस म्हणून असलेला मान टिकतो काय, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय होय.

आपले ओझर मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले. १९६४ साली येथे विमानांचा कारखाना आला. कारखान्यातील कायम कामगाराला हजेरी आहे, पाळी आहे, भोंगा आहे. परंतु आपली अनेक मुले महामार्गावरील ढाबे, हॉटेले, लॉज व मंगल कार्यालये यांत राबतात. त्यांच्या कामाला सुरुवात असते, शेवट नसतो.

मध्यंतरी असाच एक तरुण माझ्याकडे आला. तो एका हॉटेलात वेटर म्हणून लागला होता. मध्यरात्रीनंतर भांडी घासणे, पहाटे मालकाच्या घरी पाणी भरणे, ही कामे हळूहळू त्याच्या गळ्यात पडली. ‘तू घरचाच आहेस’ असे त्याला सांगण्यात येई. काम घेताना घरचा आणि पगार देताना नोकर, असा तो हिशेब होता. पुढे त्याने दीक्षा घेतल्याचे तेथे कळले. त्यानंतर तुंबलेली मोरी उपसण्याचे काम, जे आजवर बाहेरचा माणूस येऊन करी, तेही त्याच्याकडे आले. ‘हे काम माझे नाही’ असे तो म्हणाला, तेव्हा त्याला उलट विचारण्यात आले, ‘मग कोणाचे?’

या प्रश्नात आपला सारा इतिहास दडला आहे. महार वतनाचे स्वरूप काय होते? महाराच्या कामांना मर्यादा नव्हती व वेळेलाही नव्हती. सरकारी अंमलदार बोलावील तेव्हा जायचे, आणि तो स्वतः घरी नसेल तर घरातील दुसऱ्याने जायचे. मोबदला मात्र तुटपुंजा. परमपूज्य बाबासाहेबांनी या गुलामगिरीविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. अखेर १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. ध्यानात घ्या, कष्ट हे वतनाचे खरे पाप नव्हते. कष्टाला हद्द नव्हती, हे ते पाप होते. ज्याच्या कामाला हद्द नाही, तो नोकर नव्हे. तो वेठबिगार होय.

कोणी म्हणेल, अडचणीच्या वेळी चार कामे जास्त केली तर काय बिघडले? काहीच बिघडत नाही, जर ती मागून घेतली असतील आणि आपण खुशीने दिली असतील. दान हे देणाऱ्याच्या इच्छेने होते. नोकरी जाण्याचा धाक घालून घेतले जाते ते दान नव्हे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सेवकाला निष्ठेने काम करण्यास सांगितले आहे. परंतु त्याच ठिकाणी मालकाचेही कर्तव्य सांगितले आहे: शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुटी द्यावी. अर्धे सुत्त सेवकाला ऐकवून उरलेले अर्धे झाकून ठेवणे, हा धम्म नव्हे.

आता कायदा पाहू. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली आहे. एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली असे ठरविले की, उपासमारीच्या भीतीने पत्करलेले, किमान वेतनाहून कमी मजुरीचे कामही सक्तीचेच काम होय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेप्रमाणे ठरल्या तासांपलीकडच्या कामास किमान दुप्पट दराने मजुरी मिळाली पाहिजे. संरक्षक साधनांवाचून कोणालाही गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरविण्यास २०१३ चा कायदा मनाई करतो. अनुसूचित जातीच्या माणसाकडून वेठबिगार करवून घेणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा आहे. ‘आता आम्ही बौद्ध झालो, हे संरक्षण गेले’ अशी भीती काहीजण बोलून दाखवितात. ती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातींत स्थान मिळाले आहे.

मात्र कायदा आपण होऊन दार ठोठावत नाही. म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, नेमणूकपत्र मागा व त्यात काम आणि वेळ लिहून घ्या. दुसरी, एक वही ठेवा: किती वाजता आलो, किती वाजता सुटलो, कोणी कोणते जादा काम सांगितले. न्यायालयात अश्रूंपेक्षा अशी वही अधिक बोलते. तिसरी, एकट्याने भांडू नका. पाचजण मिळून नाशिकच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या. अनुसूचित जातींच्या माणसांना, स्त्रियांना आणि वेठबिगारीला बळी पडलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो.

माता-पित्यांना माझी विनंती आहे. मुलगा रात्री थकून येऊन तक्रार सांगू लागला, तर ‘गप्प बस, नोकरी जाईल’ असे म्हणू नका. आधी त्याचे ऐका. घरात भाकरीची चिंता आहे हे मी जाणतो. परंतु आपल्या आजोबांनाही हेच सांगून गप्प बसविले गेले होते. आणि आपल्यापैकी ज्यांनी स्वतःची खानावळ वा चहाचे दुकान काढले आहे, त्यांनीही आपल्याकडील पोऱ्याच्या कामाची हद्द आजच ठरवावी. दुसऱ्याकडून न्याय मागणाऱ्याने तो आधी आपल्या गल्ल्यापाशी द्यावा.

तो तरुण आता वही लिहितो. त्याच्यासोबत आणखी चौघे लिहू लागले आहेत. अर्ज तयार आहे. ‘मग कोणाचे?’ या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे: ज्याचे ठरले असेल, ज्याला त्याची मजुरी व साधने मिळतील, त्याचे. जन्मावरून ते कोणाचेच नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!