आधी माहितीपुस्तिका उघडा

हातखंब्याच्या तिठ्यावर परका माणूस उतरला की मुंबईकडे कुठून, गोव्याकडे कुठून आणि रत्नागिरीकडे कुठून, हे त्याला पाटी सांगते. रस्ता कितीही चांगला असो, पाटी नसली की तो टपरीवाल्याला विचारत फिरणार. संगणकावरच्या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ लिखावट कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते ते. बहुधा ते फुकट मिळतं. मग शाळेसाठी निवडताना पारख कशाने करायची? सोयींच्या याद्या तर सगळ्यांच्याच लांबलचक! माझ्या मते दोनच गोष्टी आधी पाहाव्यात: ते बसवायला किती खटपट पडते, आणि सोबतची माहितीपुस्तिका कशी आहे.

कोणी म्हणेल, धर्माच्या गाईचे दात कसले पाहता? खरं आहे, पण गाय धर्माची असली तरी चारा आपल्यालाच घालावा लागतो. दोनशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना शनिवारची एक दुपार कशीबशी मिळते. तेवढ्यात सॉफ्टवेअर बसलं नाही, तर संगणकावर जे फडकं पडतं ते पुढच्या जूनपर्यंत निघत नाही. यात नुकसान मुलांचं.

'लिब्रे ऑफिस'चं उदाहरण घ्या. २०१० साली ते 'ओपन ऑफिस'मधून वेगळं निघालं. विंडोजवर एक फाइल उतरवून घेतली की ते बसतं. बसवताना 'कस्टम' हा पर्याय निवडून मराठीवर खूण केली, तर पडद्यावरची नावंही मराठीत करून घेता येतात. इथपर्यंत उत्तम. पण मदतीची फाइल वेगळी असते, बरं का! ती घेतली नाही, तर मदतीचं बटण दाबल्यावर संगणक इंटरनेटकडे धाव घेतो. पावसाळ्यात नेट गेलं की मदतही गेली. तेव्हा दोन्ही फाइली एकदमच आणाव्यात.

पुस्तिका पाहताना तिच्यावरचा आवृत्तीचा आकडा सॉफ्टवेअरच्या आकड्याशी जुळतो का, आणि काही अडलं तर काय करावं हे लिहिलं आहे का, एवढं तरी पाहावं. पुस्तिका वाईट म्हणून सॉफ्टवेअर वाईटच, असं नव्हे. जाणता माणूस हाताशी असेल तिथे ते खुशाल चालेल. खेड्यातल्या शाळेने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी चालवलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, मराठीतही आहेत. त्यांची एक रीत मला फार आवडते. धड्याचं लेखन झालं की ते आधी एखाद्या नवख्याकडून करवून पाहतात.

आपल्या शाळेपुरतं एक पान मराठीत गुरुजींनीही लिहावं. ते सातवीतल्या मुलाच्या हाती द्यावं, आपण शेजारी गप्प बसावं, आणि तो जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करावी.