करमणूक आणि काटकसर
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



घाटावर काय नि घाटाखाली काय, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात रात्रीची जेवणे उरकली की घरोघर मोबाइलवरील चित्रफितींची करमणूक सुरू होते. तीस आम्ही नावे ठेवीत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे ह्या आजीबाईंचा गावरान स्वयंपाक नातवाने २०२० साली ‘आपली आजी’ ह्या यूट्यूब वाहिनीवर आणला. तो लाखोंनी पाहिला.

परंतु मोरीचे पाणी परसातील अळू-केळीस सोडणे, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे, ह्या युक्त्या आपण परक्यांकडून नवलाने शिकतो. धान्यात कडुनिंबाचा सुकविलेला पाला घालावा, हे चित्रफितीत पाहून आम्ही आईस सांगू लागलो. ती हसून म्हणाली, “तुह्या बारशाच्या गव्हातबी म्या हाच पाला घातला होता.” आज ती नाही, तिची बाकीची विद्या विचारावयाची राहून गेली.

म्हणून एवढीच विनंती : आज घरी गेल्यावर मोबाइल वडीलधाऱ्यांसमोर धरा, त्यांचे बोल टिपून घ्या आणि उद्या तसे करून पाहा. करमणूक होईल, काटकसर साधेल आणि ओसरीवरचे अबोल माणूस बोलू लागेल.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.