वजन उतरताना भूक का वाढते?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)



वजन कमी करणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते, "आठ दिवस नीट जातात, मग भूक आवरत नाही." आज त्याबद्दलच बोलते.

चरबी म्हणजे नुसतं साठवलेलं इंधन नव्हे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला. आपण जेवण तोडलं, चरबी घटली, की लेप्टिनही घटतं. मेंदूला वाटतं, दुष्काळ आला! तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च कमी करतो. म्हणजे रात्री फरसाणाच्या डब्याकडे हात गेला, तर सगळा दोष मनाच्या दुबळेपणाला देऊ नका. आणि सुनेलाही टोमणे नकोत.

मग उपाशी राहण्यापेक्षा ताट बदला. प्रथिनांतून शंभर कॅलरी घेतल्या, तर त्यातल्या वीस ते तीस पचवण्यातच खर्च होतात. भात-पोळीच्या पिष्टात पाच ते दहा, तेल-तुपात जेमतेम तीन. शिवाय प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात. आपल्याकडे सकाळी चहा-बिस्किटं, मग पोहे, म्हणून अकरा वाजता पुन्हा भूक! उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. दाण्याचं कूट असतं म्हणून थोडं निभावतं. पोह्यांवर मोडाची मटकी घाला. जेवणात पातळ वरणाऐवजी वाटीभर घट्ट उसळ किंवा पिठलं, सोबत दही घ्या. खाणाऱ्यांनी अंडी, मासे.

"मी कुठे जाड आहे?" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! तेव्हा काट्याबरोबर कमरेला टेपही लावा. भारतीय पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांनी ८०च्या आत राहावं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण चुकवण्याआधी डॉक्टरांना विचारा. किडनीचा त्रास असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधीही. आता प्रश्न घेऊ या.