केनियाचा बेत आणि तलकाडची रंगीत तालीम

(मंडळाच्या तलकाड येथील कौटुंबिक सहलीत दुपारच्या भोजनानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



धपाटे आणि बिसीबेळे भातानंतर भाषण ठेवणे म्हणजे वामकुक्षीला रीतसर निमंत्रण देणे. तेव्हा जास्त वेळ घेत नाही. मी डिप्लोमावाला माणूस, साइटवर जे दिसते तेवढेच बोलतो.

गेले काही महिने मंडळात केनियाच्या सहलीची चर्चा चालू आहे. सिंह-हत्ती, हिमाच्छादित किलिमांजारोचे दर्शन, तळी, समुद्र, किल्ला हे सारे एकाच देशातून पाहायला मिळते. पण त्याबरोबर एक सूचनाही पुढे आली आहे. साठीच्या पुढच्यांना नेऊ नये, त्यांच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल! माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे आणि ती समोरच बसली आहे. त्यामुळे या सूचनेवर बोलणे मला भाग आहे.

आधी आपण केलेली यादी पाहू. सात दिवसांत मसाई मारा, नाकुरू, अंबोसेली, त्सावो आणि मोंबासा! नकाशावर ही सगळी ठिकाणे बोटभर अंतरावर दिसतात. प्रत्यक्षात नैरोबीहून मसाई मारा सुमारे २७० किलोमीटर, म्हणजे पाच-सहा तासांचा रस्ता. जाण्यायेण्याच्या विमानात दोन दिवस गेले की उरतात पाच. या यादीने गेलो तर साठीचेच काय, आमच्यासारखे चाळिशीतलेही केनियाऐवजी गाडीची काच पाहून परत येतील.

माझे म्हणणे असे की नऊ दिवस घ्यावेत आणि मुक्काम तीनच ठेवावेत. नैरोबी, मसाई मारा आणि मोंबासा. मारात तीन रात्री. प्राणी पाहायचे ते सकाळी लवकर आणि संध्याकाळी. दुपारी प्राणीही विश्रांती घेतात, आपणही घ्यावी. नैरोबी ते मोंबासा मात्र रेल्वेनेच! २०१७ साली सुरू झालेली ही सुमारे ४८० किलोमीटरची लाइन १४३५ मिलिमीटर गेजची आहे, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा अरुंद आणि जुन्या मीटरगेजपेक्षा रुंद. गाडी त्सावोच्या अभयारण्यातून जाते. खिडकीशी बसून हत्ती दिसले तर तिकिटाचे पैसे वसूल.

सहकाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची जुनी मीटरगेज लाइन १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास माणसे तिकडेच दगावली. १८९८ मध्ये त्सावो नदीवरच्या पुलाचे काम दोन नरभक्षक सिंहांनी बंद पाडले होते. नैरोबीच्या रेल्वे संग्रहालयात हा इतिहास पाहता येतो. रुळांवर पोट असलेल्या आपल्यासारख्यांनी तिथे घटकाभर थांबावे. मोंबासाचा फोर्ट जीझस हा सोळाव्या शतकातला पोर्तुगीज किल्ला. ज्यांनी वसई पाहिली आहे, त्यांना तिथे ओळखीचे वाटेल.

आता हंगाम. रानगवे आणि झेब्र्यांचे मोठे कळप मारात येतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. तेव्हा आपल्याकडे वर्गणी, मांडव, गणपती आणि पाठोपाठ म्हैसूरचा दसरा! मार्च ते मे तिकडचा मोठा पावसाळा. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी बरा. कळपांची ती गर्दी नसेल, पण सिंह, हत्ती, जिराफ मारात बारा महिने असतात.

आता आजच्या सहलीकडे येतो. आपण ४२ जण आहोत, सर्वात लहान चार वर्षांचा, सर्वात मोठे काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. तलकाड ही गंगांची राजधानी. चोळांनी ती घेतली आणि होयसळ विष्णुवर्धनाने त्यांच्याकडून जिंकली. त्याने उभारलेले कीर्तिनारायणाचे मंदिर आज वाळूच्या पातळीखाली, खणून काढलेल्या खळग्यात उभे आहे. अलमेलम्माच्या शापाची कथा आपण ऐकलीच. नदीच्या उघड्या पात्रातली वाळू वाऱ्याने वाहून आली, असे अभ्यासक सांगतात. कारण कोणतेही असो, वाळूत चालताना गुडघे बोलतातच.

तरीही सगळे चालले. कारण यादीतून सोमनाथपूर आणि शिवनसमुद्रचा धबधबा आपण आधीच वगळले होते. पाच लिंगांपैकी आपण दोनच देवळे केली. दर थांब्यावर सावलीत पाणी प्यायलो. काकांनी वैद्येश्वराच्या भिंतीवरचे कोरीवकाम मुलांना समजावले, ते घाईत झाले नसते. आणि कावेरीत कुणी उतरायचे नाही, हा नियम पाळला. इथले पाणी दिसायला उथळ असते, पण मध्येच खोल खड्डे आणि ओढ आहे; माणसे बुडाली आहेत. केनियातही गाडीतून उतरू नका म्हटले की उतरायचे नाही.

राहिला साठीचा प्रश्न. खरी अडचण गुडघ्यांची नाही, लसीची आहे. केनियाहून परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. तो नसेल तर इथे सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो. ही जिवंत लस आहे. साठीनंतर तिचा गंभीर त्रास होण्याची शक्यता थोडी वाढते. म्हणून प्रत्येक ज्येष्ठाने आपल्या डॉक्टरांना निदान तीन महिने आधी विचारावे, मलेरियाच्या गोळ्यांचेही तेव्हाच विचारून घ्यावे. विमानाचे पैसे त्यानंतरच भरावेत. २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवानगी सुरू केली आहे, तीही निघण्यापूर्वी काढावी लागते. डॉक्टर नको म्हणाले तर गोष्ट वेगळी. पण तो निर्णय डॉक्टरांचा, समितीचा नव्हे.

मालगाडीत एखादा डबा कमी वेगाचा असला, तर सगळी गाडी त्याच्या वेगाने चालवतात. त्याला वाटेत सोडून कुणी पुढे जात नाही. ज्यांनी या परक्या गावी आपला गणपती पहिल्यांदा बसवला, ती माणसे आज साठीच्या पुढे आहेत. वयाची अट काढून टाकावी, अशी माझी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे. तसा ठराव येत्या सभेत मी मांडणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!