बेचाळीस अंशांतला ट्रक



आपल्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून दोन मोठे रस्ते जातात. एक रांजणगाव-शिरूरवरून अहिल्यानगरकडे, दुसरा यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभवरून सोलापूरकडे. मधे न्हावऱ्याचा रस्ता दोघांना जोडतो. एप्रिल-मेच्या दुपारी या रस्त्यांच्या कडेला केबिन पुढे झुकवून उभे केलेले ट्रक दिसतात. खाली गरम पाण्याचं थारोळं आणि मागच्या चाकाच्या सावलीत बसलेला ड्रायव्हर. एवढी ताकदीची गाडी, पण उन्हापुढे टिकली नाही, असं म्हणून आपण पुढे जातो. ऊन आपल्या हातात नाही हे खरं. पण उन्हाला तोंड देण्याची गाडीची जी ताकद असते, ती आपण आपल्या सवयींनी कशी घालवतो, हे आज सांगायचं आहे.

आधी हिशेब पाहू. इंजिनात जळलेल्या डिझेलमधली साधारण ४० टक्के ऊर्जा कामाला येते. बरीचशी धुराबरोबर जाते, आणि पाव हिस्सा, कधी थोडा कमी, इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरावर असताना ही उष्णता शंभरेक किलोवॉट होते. न्हाणीघरातले दोन किलोवॉटचे पन्नास गिझर एकदम चालू ठेवावेत, एवढी. ती सगळी रेडिएटरच्या जाळीतून हवेत जायला हवी, आणि क्षणोक्षणी जायला हवी.

ती किती जाईल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आहे असं धरा. डिसेंबरच्या दुपारी हवा २५ अंश, म्हणजे फरक ७० चा. मेमध्ये हवा ४२ अंश, फरक उरला ५३ चा. रेडिएटर तोच, पंखा तोच. त्यांची क्षमता मात्र जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटली. वेधशाळेचे ४२ अंश तर सावलीतल्या पेटीत मोजलेले असतात. डांबराला लागून रेडिएटरमध्ये शिरणारी हवा त्याहून तापलेली असते. त्यात आपण समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर राहतो. इथली हवा मुळात विरळ, उन्हाने आणखी विरळ होते, आणि विरळ हवा उष्णता कमी वाहून नेते.

दुसऱ्या बाजूने बोजा वाढत गेला आहे. २०१८ मध्ये तीन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेली. २०२० पासून धुरावर मर्यादा घालणारे बीएस-६ निकष आले. प्रदूषण कमी करण्यासाठी काही इंजिनांत धुराचा थोडा भाग थंड करून परत आत घेतात, आणि तो थंड करायचं कामही याच पाण्याकडे येतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. हा निर्णय मला मनापासून पटतो, तो फार आधी व्हायला हवा होता. पण एसीचा कंडेन्सर सहसा रेडिएटरच्या पुढेच बसतो आणि त्याची उष्णता रेडिएटरच्या तोंडावर येते. गाडी बनवणारे याचा हिशेब करूनच रेडिएटर देतात. हवा किती अंशांवर गेली की या गाडीचं पाणी उकळेल, हा आकडा चाचणीतून काढलेला असतो. तो आपल्या मे महिन्यापेक्षा थोडाच वर असतो. मधले काही अंश हीच आपली शिल्लक.

ही शिल्लक पहिल्यांदा खातं पाणी. दौंडकरांना हे मी सांगायला नको. १८७८ मध्ये मनमाडची लाइन जोडली गेली तेव्हापासून दौंड हे जंक्शन, आणि वाफेच्या इंजिनाचा बॉयलर ठरावीक मुदतीने धुऊन क्षार काढावेच लागत. तेच क्षार आपल्या बोअरच्या पाण्यात आहेत. ढाब्यावर कॅनभर पाणी मागून घेतलं आणि रेडिएटरमध्ये ओतलं, की तापल्यावर क्षार इंजिनाच्या आतल्या भिंतींवर धरतात. हा थर बिडापेक्षा वीसेक पट कमी उष्णता जाऊ देतो. निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण साध्या पाण्याहून उशिरा उकळतं आणि गंजही रोखतं. त्याचा खर्च गाडीमालकाच्या हिशेबात असला पाहिजे. तो ड्रायव्हरच्या भत्त्यावर टाकला, की तो बोअरचंच पाणी ओतणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

दुसरी सवय थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. ‘अडथळा काढला, आता पाणी मोकळं फिरेल’ असं मिस्त्री सांगतो आणि ते ऐकायला बरोबर वाटतं. पण बऱ्याच ट्रकांच्या इंजिनात हा थर्मोस्टॅट दोन कामं करतो. तापल्यावर तो रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते, आणि थोडं पाणी थंड न होताच पुन्हा इंजिनात जातं. थंडीत गाडी थंडच राहते, म्हणून उपाय लागू पडला असं वाटतं. मेमध्ये चढावर काटा लाल पट्ट्यात जातो. त्या वेळी रेडिएटर छोटा, कंपनीने फसवलं, अशी बोलणी सुरू होतात. थर्मोस्टॅट जिथे होता ती रिकामी जागा कोणी उघडून पाहत नाही.

रेडिएटरच्या झाकणाचंही असंच. ते एक वातावरण दाब धरतं तेव्हा पाणी शंभराऐवजी १२० अंशांना उकळतं. रबर गेलेलं झाकण म्हणजे हे सगळे अंश गेले. आणि उसाच्या हंगामात साखर कारखान्यांकडे खेपा केलेल्या गाडीच्या जाळीत पाचटाची कुसं आणि धूळ बसलेली असते. रेडिएटर आणि त्याच्या पुढचा इंटरकूलर यांच्या फटीत ती अडकते, पुढून दिसत नाही. हंगाम संपल्यावर दोन्ही सुटे करून फट साफ केली, तर उन्हाळा निभावतो.

आता गाडी चालवणाऱ्याविषयी. बंदरावरून बोरघाट चढून रांजणगावला येणारा कंटेनर घाटात जेमतेम वीसच्या वेगाने चालतो. समोरून वारा नाही, भिस्त सगळी पंख्यावर. वरच्या गिअरमध्ये रखडत चढलं तर पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही हळू फिरतात. एक गिअर खाली घेऊन इंजिन मोकळं फिरू द्यावं. नव्या गाड्यांत पाणी फार तापलं की संगणक आपणहून ताकद कमी करतो. पिकअप गेला म्हणून ड्रायव्हर आणखी रेस देतो. त्याने थांबायला हवं.

थांबल्यावर पाणी शाबूत असेल आणि पट्टा तुटलेला नसेल, तर काही मिनिटं न्यूट्रलमध्ये, नेहमीपेक्षा थोड्या जास्त रेसवर इंजिन चालू ठेवावं. पाणी गेलं असेल तर लगेच बंद करावं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, हेड तडकतं. गाडी गार होईपर्यंत झाकण तर मुळीच उघडू नये. दाबाखालचं ११० अंशांचं पाणी दाब सुटताच वाफ होऊन उसळतं आणि चेहरा, हात, छाती भाजते. अशा वेळी मालकाचा फोन येतो, ‘निघालास का?’ गाडीमालक इथे बसले असतील, त्यांना हात जोडून विनंती आहे, गाडी गार व्हायला लागणाऱ्या त्या अर्ध्या-पाऊण तासात फोन करू नका. तेवढा वेळ गेल्यावर ड्रायव्हरने रेडिएटरची वरची रबरी नळी फडक्याने धरून दाबून पाहावी. ती सहज चेपली, की झाकणावर जाड फडकं ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायचं, आणि फुसफुस पूर्ण थांबल्यावर काढायचं.